आकासावाच्या जंगलातलं वनस्नान आणि मेंपातला डबा : आईला घेऊन गेले होते त्याचा अनुभव

आई यंदा जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे नागोयाला आली तेव्हाच ठरवलं होतं की तिला देवळं आणि मॉल दाखवत पळवायचं नाही, तिचे गुडघे दुखतात आणि गर्दीत तिचा जीव घाबरा होतो, म्हणून एक दिवस गाइड घेऊन शिनरिन-योकु करायचं आणि दुपारी जंगलातच जेवायचं असं पॅकेज बुक केलं. शिनरिन-योकु म्हणजे शब्दशः वनस्नान, पाण्याबिण्याचा संबंध नाही, जंगलात सावकाश वावरायचं आणि ते अंगात मुरू द्यायचं. मला आधी वाटत होतं की झाडांत फिरायला गाइडला पैसे कशाला द्यायचे, आता तसं वाटत नाही, का ते सांगते.

जागा नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यात आहे, आगेमात्सू गावाच्या वर, आकासावाचं जंगल. शिनरिन-योकु हा शब्द 1982 साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी वापरात आणला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला तो याच जंगलात, त्यामुळे हे सगळं सुरू जिथून झालं तिथेच आपण जातो. नागोयाहून शिनानो एक्सप्रेसनं किसो-फुकुशिमाला दीडेक तास, तिथून लोकलनं एक स्टेशन मागे आगेमात्सू, मग बसनं अर्धा तास. बसेस दिवसात मोजक्याच, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरच घोळ झाला. आणि वर हजार मीटरच्यावर उंची आहे, खाली नागोयात घाम येत होता आणि तिथे आईला स्वेटर घालावा लागला.

गाइड म्हणून एक आजोबा आले, सत्तरीच्या आसपासचे, पाठीवरच्या पिशवीला अस्वलासाठी घंटा बांधलेली. इंग्रजी अगदी थोडं, माझं जपानी कामापुरतं, आईला दोन्ही नाही. मला याचंच टेन्शन होतं पण झालं असं की शब्द कमी असल्यामुळे ते हातानं दाखवायचे, थांबायचे, आणि आम्हीही थांबायचो. सुरुवातीला त्यांनी आमचं बीपी मोजलं, मग सांगितलं की आता अडीच तासात आपण जेमतेम दोन किलोमीटर जाणार आहोत. आई माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं मी चुकीचं भाषांतर केलं.

पहिली पंधरावीस मिनिटं मला फार जड गेली हे खरं सांगते. हात सारखा फोनकडे जात होता, डोक्यात ऑफिसचा मेल, आणि आजोबा आपले एकेक पाऊल टाकत चाललेत. मी पुढे गेले की ते काही बोलायचे नाहीत, फक्त मागेच उभे राहायचे, मग मलाच परत यावं लागायचं. दोनतीनदा असं झाल्यावर माझी चाल आपोआप त्यांच्याएवढी झाली. गाइडचे पैसे कशाचे ते मला तिथे कळलं, एकटी गेले असते तर तीच वाट मी अर्ध्या तासात संपवून फोटो काढून परत आले असते.

वाट फुरेआइ नावाची घेतली होती, ओढ्याच्या बाजूनं जाणारी, सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाईल अशी. गुडघेदुखीवाल्यांनी हीच मागावी, तिथे चढाच्या वाटाही आहेत. दोन्ही बाजूला हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची सरळसोट झाडं, बरीचशी तीनशे वर्षांच्या आसपासची. ती इतकी जुनी का राहिली ही गोष्ट आजोबांनी एका झाडाला पाठ लावून उभं राहून सांगितली. किल्ले, देवळं आणि शहरं बांधण्यासाठी सतराव्या शतकात या खोऱ्यातलं लाकूड इतकं तोडलं की डोंगर उघडे पडले, मग ओवारीच्या संस्थानानं तोडीवर बंदी घातली आणि ती इतकी कडक होती की हिनोकीचं एक झाड म्हणजे एक मुंडकं अशी म्हणच पडली. हे सांगताना त्यांनी मानेवरून हात फिरवला, आईला भाषांतराची गरजच पडली नाही. आज आपण ज्या सावलीत उभं राहतो ती त्या बंदीनंतर आपोआप उगवून आलेली झाडं आहेत. आई म्हणाली, म्हणजे आपल्या देवराईसारखंच, तिथे देवाचा धाक आणि इथे राजाचा. मी तोडकंमोडकं करून ते आजोबांना सांगितलं तर ते खूप वेळ मान डोलवत होते.

मग पानांचा खेळ. हिनोकी आणि सावारा ही दोन झाडं वरून अगदी जुळी दिसतात, पण पान उलटं केलं की खालच्या पांढऱ्या रेघा हिनोकीत इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात आणि सावारात एक्ससारख्या. तिसरं आसुनारो, त्याची पानं जाड आणि खालचा पांढरा डाग मोठा. आजोबांनी खाली पडलेल्या डहाळ्या गोळा करून आमच्या हातात दिल्या, चुरगाळून वास घ्यायला लावला, डोळे मिटून ओळखायला लावलं. आईनं तिन्ही बरोबर ओळखली, मी दोन. तिनं आयुष्यभर मेथी, शेपू, चाकवत वासावर निवडलेत, तिला ते सहज जमलं. त्यानंतर ती एकदम खुलली, प्रत्येक झाडापाशी स्वतःहून थांबायला लागली.

मधे एका ठिकाणी चटया अंथरून आडवं केलं आम्हाला, वीस मिनिटं, काही करायचं नाही. वर फांद्या, मधून आभाळाचे तुकडे, खाली ओढा, मधेच कोकिळेच्या जातीचा एक पक्षी कुक्कू कुक्कू करत होता, आपल्याकडच्या कोकिळेपेक्षा आवाज खालचा. मला झोप लागली. आईला नाही लागली, ती नंतर म्हणाली की तुझे बाबा गेल्यापासून मी अशी उघड्यावर आडवी झालेच नव्हते गं. एवढंच म्हणाली. मी काही विचारलं नाही.

आरोग्याच्या दाव्यांबद्दल थोडं लिहिते कारण बुक करताना माहितीपत्रकात त्याचा खूप गाजावाजा असतो. झाडं हवेत फायटोन्साइड नावाची सुवासिक द्रव्यं सोडतात आणि त्याचा आपल्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो असं म्हणतात. टोकियोचे डॉक्टर छिंग ली यांनी 2005 साली इइयामाच्या जंगलात 12 पुरुषांना तीन दिवस नेऊन रक्त तपासलं तर त्यांच्यात एनके पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पेशींची, क्रिया वाढलेली दिसली, नंतर असाच प्रयोग 13 नर्सेसवर केला, तिथेही तेच. अभ्यास खरे आहेत पण माणसं किती थोडी ते बघा, आणि ते लोक दोनतीन दिवस राहिले होते, आपण अडीच तास जातो. शेवटी आमचं बीपी परत मोजलं तर आईचं थोडं उतरलेलं होतं, पण वीस मिनिटं आडवं पडल्यावर कुणाचंही उतरेल. औषधं बंद करायच्या भानगडीत कुणी पडू नका. मन शांत झालं हे मात्र आम्हाला दोघींना तिथेच कळत होतं.

आता जेवण, आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग हाच.

ओढ्याजवळच्या बाकांवर बसलो. जंगलात जाळ करायचा नाही त्यामुळे सगळं गार, फक्त थर्मासमधला चहा गरम. प्रत्येकीपुढे एक मेंपा ठेवला. मेंपा म्हणजे किसोतला लाकडी डबा, पूर्वी लाकूडतोडे आणि डोंगरात काम करणारे लोक यातच भात न्यायचे. पातळ फळी वाकवून गोल केलेली, जोड चेरीच्या सालीनं शिवलेला, वरून उरुशी म्हणजे तिथल्या एका झाडाच्या चिकाचं पातळ लुकण. झाकण उघडायच्या आधी आजोबांनी आम्हाला थांबवलं आणि डब्याच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले हिनोकी, मग तळावर बोट ठेवून म्हणाले सावारा. सकाळपासून ज्या दोन झाडांची पानं आम्ही उलटीपालटी करत होतो, तीच हातात डबा होऊन आली होती. आईनं झाकण नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. वास अगदी हलका होता, सकाळी कुणी ती डहाळी चुरगाळून दिली नसती तर आलाही नसता कदाचित.

म्हणून म्हणते की आधी चालणं आणि मग जेवण हे दोन वेगळे प्रोग्रॅम नाहीतच, नुसता डबा विकत घेऊन स्टेशनवर खाल्ला असता तर तो एक गार भाताचा डबा झाला असता आणि जेवणाशिवाय परत आलो असतो तर जंगल नाकातच राहिलं असतं, पोटात गेलं नसतं.

भात गार असून मोकळा होता, चिकट गोळा झालेला नव्हता, लाकूड जास्तीचा ओलावा शोषून घेतं म्हणून. सोबत रानातल्या कोवळ्या भाज्या, वाराबी नावाचे नेच्याचे कोंब आणि फुकीचे देठ शिजवलेले, अंड्याची गुंडाळी, आणि सुन्की. सुन्कीबद्दल मुद्दाम लिहिते कारण हे लोणचं किसोबाहेर फारसं मिळत नाही, लाल सलगमाचा पाला मिठाचा कणही न घालता आंबवतात, हिवाळ्यात. मिठाशिवाय लोणचं ही कल्पनाच आईला पटेना, मग चव घेतली आणि म्हणाली आंबट ताकाच्या जवळ जातंय. मला स्वतःला पहिल्या घासाला वास उग्र वाटला, भाताबरोबर छान लागलं. शेवटी होबा-माकी, तांदळाच्या पिठाच्या पारीत गोड घेवड्याचं सारण भरून होबाच्या मोठ्या पानात गुंडाळून वाफवलेलं, हे त्या भागात साधारण जूनमधेच करतात, पान कोवळं असतं तेव्हा. पान सोडल्यावर आई एकदम म्हणाली पातोळ्या! हळदीच्या पानाचा वास वेगळा, याचा वेगळा, पण पानाचा गंध पिठात उतरवायची युक्ती तीच. तिनं दोन खाल्ले, माझ्यातलाही एक तिचाच.

पहिले दहा घास न बोलता खायचे असा नियम होता. साधी गोष्ट आहे पण घरी करून बघा, फार अवघड जातं.

आता तक्रार. बुकिंग करताना मी दोनदा लिहून कळवलं होतं की आई मासे खात नाही, अंडं चालेल. उत्तर आलं की शाकाहारी व्यवस्था होईल. प्रत्यक्षात भाज्या शिजवलेल्या होत्या दाशीमधे, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या पाण्यात, आणि सुन्कीवर बोनितो माशाचा कीस भुरभुरलेला. आईनं घास उचलायच्या आधी आजोबांनीच ओळखलं आणि हात आडवा धरला, स्वतःच्या डब्यातलं साधं सुन्की तिला दिलं, वर वाकून माफी मागितली, खरं तर चूक त्यांची नव्हतीच. आईचं जेवण म्हणजे मग भात, अंडं, सुन्की आणि गोड. ती काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं, दोनदा विचारून, हो म्हणून, मग असं करणं बरोबर नाही, एखाद्याचा आयुष्यभराचा नेम मोडला असता. जपानमधे मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही असं नसतं, त्यामुळे नुसतं शाकाहारी लिहू नका, दाशी नको, बोनितो नको असं नाव घेऊन लिहा.

दुसरी गोष्ट बसची. जेवण झाल्यावर अर्धा तास नुसतं बसायचा वेळ प्रोग्रॅममधे लिहिला होता, तो दहा मिनिटांवर आला कारण आम्हाला आधीची बस पकडून द्यायची असं बुकिंगवाल्यांनीच ठरवलं होतं. दिवसभर सावकाश सावकाश आणि शेवटी डबे गोळा करून लगबग, सगळा परिणाम त्यात थोडा विस्कटला. तिथे जंगलातली छोटी रेल्वेही आहे, पूर्वी लाकूड वाहणारी, 1975 ला बंद पडली आणि 1987 पासून पाहुण्यांसाठी 1.1 किलोमीटर परत धावते, ती राहून गेली. आणि 1985 साली इसेच्या मोठ्या शिंतो देवळासाठी जो हिनोकी तोडला त्याचा बुंधाही बघायचा राहिला. इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याचं लाकूड या भागातून जातं, आणि तो पवित्र वृक्ष करवतीनं नाही, तीन बाजूंनी कुऱ्हाडीनं पोखरून पाडतात, असं आजोबा बसमधे चढता चढता सांगत होते.

गाइडचे पैसे ग्रुपमागे असतात आणि डब्याचे माणशी, त्यामुळे दोघींपेक्षा चारपाच जण गेलात तर परवडतं, पण त्याहून जास्त नको, दहा जणांत तो शांतपणा राहणार नाही असं माझं मत. लहान मुलं असतील तर वीस मिनिटं आडवं पडणं त्यांना जमेल का ते तुमचं तुम्ही बघा. पायात साधे बूट चालतात. जंगल नोव्हेंबरच्या सुरुवातीला बर्फासाठी बंद होतं.

डबे परत द्यायचे असतात. आजोबा म्हणाले की याला साबण लावायचा नाही, कोमट पाण्यानं धुवायचा आणि सावलीत उपडा ठेवायचा, आई म्हणाली लाकडी काथवटीचं करतो तसंच. तिनं आपला मेंपा दोन्ही हातांनी परत दिला आणि होबाचं पान मात्र पुसून, घडी घालून पर्समधे ठेवलं. मी ऑक्टोबरात परत जाणारे, या वेळी अहोंना घेऊन, दाशीचं आधीच फोनवर बोलून घेईन आणि शेवटच्या बसचंच बुकिंग मागेन.