केली स्लेटर की अँडी आयर्न्स? माझं मत अँडीला

इंदूरपासून समुद्र लांब, पण छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पोहे खाताना आमचा हा वाद होतोच, सर्फिंगमध्ये, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्यात, दोघांत भारी कोण? दादा म्हणतो केली, आणि आकड्यांत तो बरोबर आहे, 11 वर्ल्ड टायटल, पहिलं 1992 ला विसाव्या वर्षी, शेवटचं 2011 ला एकोणचाळीसाव्या, वर 2022 मध्ये पन्नाशीला आठवडाही उरला नव्हता तेव्हा हवाईतल्या पाइपलाइन या लाटेवरची स्पर्धा जिंकला. असं कोण करतं सांगा!

अँडीची 3 च, पण 2002 ते 2004 सलग, तीही केली समोर असताना. 2003 चा फैसला हवाईत पाइपलाइनलाच झाला, तिथे लाट उथळ रीफवर फुटते, पडलात की खाली थेट खडक, आणि तिथे अँडी जिंकला. केली फ्लोरिडाच्या छोट्या लाटांवर घडला, अँडी हवाईतल्या काउआई बेटाचा, मोठ्या लाटांतच वाढलेला, म्हणून मला त्याचं सर्फिंग जास्त जिवंत वाटतं.

पण आतून त्याचे हाल होते, बायपोलर या मनाच्या आजाराचा त्रास, नशा, आणि 2 नोव्हेंबर 2010 ला डॅलसच्या हॉटेलात वारला, वय फक्त 32. चारच दिवसांनी केलीने दहावं टायटल जिंकलं आणि अँडीला अर्पण केलं. हे सांगितलं तेव्हा पोह्यांवर जीरावन मसाला टाकता टाकता दादाचा हात थांबला, काही बोललाच नाही.