फेरारी ३०८ जीटी४ की मासेराती मेराक?

मधल्या इंजिनाची, मागे दोन जास्तीच्या सीट असलेली जुनी इटालियन गाडी हवी आहे आणि फेरारीच्याच दिनो २४६ चे भाव आवाक्याबाहेर आहेत, तर निवड बहुतेक या दोघींतच होते. तिसरी लॅम्बोर्गिनी उराको. पण ती एकूण आठशेच्या आत बनली आणि तिचे सुटे भाग शोधण्यातच हौस जिरते, म्हणून ती इथे बाजूला ठेवली आहे.

मेराक १९७२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये आली, जीटी४ पुढच्याच वर्षी तिथेच. मेराकचे रूप डिझायनर जुजारोचे, मासेरातीच्याच थोरल्या बोराकडून घेतलेले. जीटी४ बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या गांदिनीची. तिच्या कोनदार अंगाला लोकांनी बरीच वर्षे नाके मुरडली, आणि म्हणूनच ती आजही दोन सीटच्या फेरारी ३०८ जीटीबीपेक्षा स्वस्त मिळते. १९७६ पर्यंत तिच्यावर फेरारीच्या ‘दिनो’ या जोडनावाचा बिल्ला असे. त्याआधीच्या गाडीवर फेरारीच्या घोड्याचा बिल्ला दिसला तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

ताकदीचा प्रश्न लवकर सुटतो. जीटी४ मध्ये आडवे बसवलेले २९२७ सीसीचे व्ही८, युरोपीय गाडीत २५५ अश्वशक्ती. मेराकमध्ये उभे बसवलेले २९६५ सीसीचे व्ही६, १९० अश्वशक्ती. १९७५ च्या मेराक एसएस या जास्त ताकदीच्या आवृत्तीत सुमारे २२०. पिकअप हवा असेल तर जीटी४ सरळ पुढे आहे. खरा फरक पैसा कुठे जिरतो यात आहे.

जीटी४ चा खर्च आधी दिसतो. तिला दोन टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारे रबरी पट्टे) आहेत. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खे इंजिन उघडावे लागते. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, त्यामुळे ‘फारशी चालवलीच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य इथे धोक्याचे समजा. बेल्ट बदलल्याची तारीख असलेले बिल मागा. पाच वर्षांहून जुने असेल तर बेल्ट, टेन्शनरचे (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचे) बेअरिंग आणि कॅमचे ऑइल सील एकदमच बदलायचे, आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा. हे काम उजव्या मागच्या चाकाच्या बाजूने, इंजिन गाडीत ठेवूनच होते.

दुसरा गिअर थंडीत पडत नाही, याला घाबरू नका. गिअरबॉक्सचे तेल तापले की तो पडला पाहिजे. गाडी अर्धा तास चालवूनही करकरत असेल तर सिंक्रोमेश (गिअर अलगद जुळवणारा भाग) झिजले आहे, आणि त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. फ्यूज बॉक्स उघडून पाहा. फ्यूजच्या टोकांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल तर संपर्क सैल होऊन तापत आहेत. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानींवर पातळ फडक्यातून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे गंजावर पुट्टी भरली आहे.

मेराकचा खर्च लपून बसतो. १९६८ ते १९७५ मासेराती सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात होती. सुरुवातीच्या मेराकचे ब्रेक, क्लच आणि वर उचलले जाणारे हेडलाइट सित्रोएनच्या उच्च दाबाच्या हायड्रॉलिकवर चालतात. त्यात हिरवे एलएचएम हे खनिज तेलच लागते. कोणी साधे ब्रेक ऑइल ओतले असेल तर सगळी सील फुगून निकामी होतात. या तेलाच्या टाकीचे झाकण उघडून रंग बघा. हिरवा नसेल तर तिथूनच परत फिरा. मग इंजिन चालू करून दाबाचा दिवा विझू द्या, इंजिन बंद करा आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा. दोन-तीन दाबांतच जोर गेला तर अॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या गोळ्यातला) नायट्रोजन संपला आहे. तो गोळा बदलता येतो, पण गळक्या पाइपांचे काम महिनोन् महिने पुरते.

मेराकचे इंजिन सित्रोएनच्या एसएम या गाडीच्या वंशाचे. त्यात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे; मात्र मुख्य चेनचा टेन्शनर दुबळा आहे. थंड इंजिन सुरू होताना साखळी खडखडली आणि थांबली नाही, तर तिथे टेस्ट ड्राइव्ह घेऊच नका. मूळचे सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुने झाले की त्यांचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते. भरीव व्हॉल्व्ह बसवल्याचे बिल असेल तर त्या गाडीला जास्त भाव द्यायला हरकत नाही.

आमचा कौल असा: गाडी चालवायची असेल आणि जवळ सित्रोएनचे हायड्रॉलिक जाणणारा मिस्त्री नसेल, तर जीटी४. तिचे इंजिन ३०८ जीटीबी आणि तिच्या उघड्या छताच्या जीटीएसच्या कुळातले असल्याने भाग मिळतात. मेराक घ्यायचीच तर साध्या ब्रेकची उशिराची एसएस शोधा. सुरुवातीची मेराक स्वस्त दिसते, पण हायड्रॉलिक आणि चेन दोन्ही कामे निघाली तर जीटी४ पेक्षा महाग पडते.

भारतात नोंदणीचा विचार असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे जुन्या (व्हिंटेज) गाड्यांच्या ‘व्हीए’ क्रमांकासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. त्यामुळे इंजिन बदललेली गाडी टाळा. आणि जाहिरात इटलीतली असेल तर सीसी तपासाच: तिथे दोन लिटरवरील गाड्यांना जबर कर होता, म्हणून २०८ जीटी४ आणि मेराक २००० ही लहान इंजिनांची रूपे निघाली. बाहेरून त्या जवळपास थोरलीसारख्याच दिसतात, चालवताना मात्र दम पुरत नाही.