एकाच पीसीवर दोन खिडक्या, की जोडीला लॅपटॉप?

देवगडच्या मावसभावाला ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या ऑनलाइन खेळात खाणकामाचं आणि मालवाहू, अशी दोन जहाजं एकट्याने चालवायचीत, म्हणजे दोन खाती एकाच वेळी दोन खिडक्यांत उघडायचीत.

एकच पीसी स्वस्त. १६ जीबी रॅम असली की दोन खिडक्या आरामात चालतात. पण फुकटचं खातं (त्याला अल्फा म्हणतात) दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालत नाही, म्हणून दोन्ही खाती पैसे भरूनच घ्यावी लागतात; तो खर्च पीसी काय, लॅपटॉप काय, सारखाच.

एका स्क्रीनवर सारखं ऑल्ट-टॅब दाबून खिडकी बदलायची. लॅपटॉप असला की दोन्ही जहाजं डोळ्यांसमोर. एका कळीत दोघांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नकोस रे, या खेळात २०१५पासून त्यावर बंदी आहे.

आणि आपला पाऊस! वीज गेली की डेस्कटॉप जागीच बंद. राउटरला छोटा यूपीएस असेल तर लॅपटॉपवरून निदान मालवाहू जहाज तरी स्टेशनात आणता येतं.

निवांत खाणकामाला पीसी पुरे. धोक्याच्या भागात माल न्यायचा असेल तर लॅपटॉप घेच.