ऑर्टलीबच्या बॅक-रोलर क्लासिक बॅगा: ताम्हिणीच्या पावसातली तपासणी

सप्टेंबरात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा सायकलप्रवास ठरलाय. अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर, रस्ता बहुतेक सपाट आणि डांबरी. परदेशातली पहिलीच मोठी सायकल सहल, म्हणून तयारी जूनपासूनच काढली. व्हिसाचं एक सांगून ठेवते: सुरुवात जर्मनीत असली तरी मुक्काम जास्त ऑस्ट्रियात आहेत, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाकी कागदांचा कंटाळा आहे, तो इथे नको.

खरा प्रश्न होता सामानाचा. माझ्याकडे आधी स्वस्तातल्या कॅरिअर बॅगा होत्या. कंपनीचं नाव घेत नाही. वरून पावसाचं कव्हर घालायचं, आणि उतारावर वेग घेतला की ते कव्हर फुगून चाकाकडे झेपावायचं. म्हणून ऑर्टलीब या जर्मन कंपनीच्या, पाणी आत न येऊ देणाऱ्या बॅगांची जोडी घेतली. किंमत ऐकून घरात काही काळ शांतता होती.

दोन बॅगा मिळून ४० लिटर, वजन दोन किलोच्या आतबाहेर. कापडावर जाड लेप आहे, शिवणीऐवजी सांधे वितळवून जोडलेले. तोंडाला झिप नाही. तोंड गुंडाळायचं, दोन्ही बाजूंना बकल लावायचं, आणि खांद्याचा पट्टा वरून ओढून पुढच्या बाजूला अडकवायचा. सगळी मेख त्या गुंडाळण्यात आहे. तीन-चार वेढे बसायलाच हवेत. बॅग ठासून भरली की दोनच वेढे बसतात, मग पाण्याला कोण अडवणार? म्हणून २० लिटरची बॅग सोळा-सतराचीच धरून चाला.

जुलैत पौडमार्गे ताम्हिणीला नेल्या. ताम्हिणीचा पाऊस काय असतो ते पुणेकरांना सांगायला नको. मुळशीच्या पुढे तो वरून पडत नाही, आडवा येतो. प्रत्येक बॅगेच्या तळाशी वर्तमानपत्राचा कोरडा कागद घातला होता आणि त्यावर कपडे. घाटमाथ्यावर टपरीत चहा घेताना उघडून बघितलं. कागद कुरकुरीत. टपरीवाल्या दादांनी बॅग हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "ताई, यात दूध आणता येईल का हो?"

पण जी बॅग पाणी आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही. परतीच्या वाटेत ओला टीशर्ट आत कोंबला होता, आणि संध्याकाळी बॅग उघडल्यावर जो वास आला त्याचं वर्णन टाळते. ओले कपडे वर जाळीत बांधायचे, आत नाही. शिवाय आत कप्पे जवळपास नाहीतच, एक छोटा खिसा आहे. बाकी सगळी एक मोठी पिशवी. मोजे हवे असतील तर भाजणीच्या पिठापर्यंत सगळं उपसा. मी रंगीत कापडी पिशव्या करून घेतल्या: निळीत कपडे, लालमध्ये औषधं, पिवळीत खाऊ.

हुकांचं काम मात्र मला फार आवडलं. वरची मूठ उचलली की हुक आपोआप उघडतात, सोडली की बंद. हॉटेलच्या दारात सायकल एका हाताने धरून दोन्ही बॅगा निघतात. पण कॅरिअरचा पाइप बारीक असेल तर सोबत दिलेले प्लास्टिकचे तुकडे हुकांत बसवा, नाहीतर खड्ड्यांवर खडखड होते.

बुटक्या लोकांसाठी वेगळी सूचना. माझी फ्रेम लहान, त्यामुळे पेडल आणि मागचं चाक यांतलं अंतर कमी. बॅग नेहमीच्या जागी लावली तर टाच दर फेऱ्याला बॅगेवर आपटते. हुक सरकवून बॅग शक्य तितकी मागे घेतली, खालचा हुक तिरका केला, तेव्हा जमलं. विकत घेण्याआधी स्वतःच्या सायकलला लावून, बूट घालून, पेडल मारून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान शोधा.

विमानासाठी ठरवलंय ते असं: सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात, हत्यारं तिच्यासोबत, एक बॅग कपड्यांसकट खोक्यातच, दुसरी हातात. उंची ४२ सेंटीमीटर असल्याने केबिनला अडचण दिसत नाही, तरी आपल्या विमान कंपनीचे नियम वाचूनच घ्या. खोक्याचं वजन घरच्या काट्यावर करायचं. विमानतळावर खोकं उघडून सामान इकडचं तिकडे करणं मला नको.

ही एकच सहल करणार असाल आणि सायकल तिथेच भाड्याने घेणार असाल, तर या बॅगा घेऊ नका. पासाऊत भाड्याच्या सायकली मिळतात, आणि बऱ्याचदा सोबत बॅगाही. मी स्वतःची सायकल नेतेय ती केवळ उंचीमुळे. परक्या सायकलच्या सीटवर माझे पाय लोंबकळतात. दरवर्षी कुठेतरी जाणाऱ्याने, किंवा पुण्यातून पावसाळ्यातही सायकलने ऑफिस गाठणाऱ्याने मात्र खुशाल घ्याव्यात. लॅपटॉप मी रोज यातूनच नेते.