जळगावच्या उन्हात ३ किलोवॉटचं सोलर : नऊ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेल बसवली. पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी मिळाली, बिल जवळपास स्थिर आकारावर आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

समजूत मात्र साधी होती : जळगावचं ऊन, मग मे महिन्यात युनिटांचा पाऊस! झालं उलटंच. मार्चमध्ये चांगल्या दिवशी १६ युनिट दाखवणारं ॲप मेमध्ये १३ वर अडकलं. कारण पॅनेलच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं : तापमान एक अंशाने वाढलं की क्षमता ०.३५ टक्क्याने घटते. हा हिशोब २५ अंशांपासून सुरू होतो आणि तोही हवेच्या नाही, पॅनेलमधल्या सेलच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या चकत्यांच्या, तापमानाचा. दुपारी दीडला पॅनेलच्या पाठीला थर्मामीटर लावला, ६५! म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. पॅनेलखालून वारा खेळेल एवढी उंची ठेवायची, याहून जास्त काही आपल्या हातात नाही.

धूळ मात्र हातात आहे, आणि आम्ही तिथेच आळस केला. एप्रिलमध्ये अवकाळीचा शिडकावा झाला, वाटलं फुकटात धुऊन निघालं. वर जाऊन बघतो तर सगळी धूळ ओघळून खालच्या चौकटीला अडलेली, दोन बोटं रुंद चिखलाची पट्टी वाळून घट्ट. सेल एकामागोमाग जोडलेले असतात. खालची ओळ झाकली की तिच्या जोडणीतले वरचे स्वच्छ सेलही अडतात. पट्टी ओल्या फडक्याने भिजवून काढली. आदल्या दिवशी ११.८ युनिट होते, दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात १३.९.

धुवायचं पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जायची भीती. बोअरचं पाणी नकोच. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात क्षारांचे पांढरे डाग पडले. आरओचं वाया जाणारं पाणी वापरा, असं शेजाऱ्यांनी सुचवलं, पण त्यात क्षार आणखी दाट! आता नळाचं पाणी, मऊ वायपर, दर पंधरा दिवसांनी.

बसवणाऱ्याने इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, पश्चिमेच्या भिंतीवर लावला, ही खरी चूक. तापला की तो स्वतःच वीज कमी करतो. वर पत्र्याची पडवी आम्हीच करून घेतली.

पावसाळ्यात धुण्याला सुट्टी द्यायचं ठरलं होतं. परवाच्या भुरभुरीनंतर पुन्हा तीच पट्टी दिसली, शिडी लावलीच.