एनसीएफ २०२३ : आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात माझा लेसन प्लॅन लाल पेनाने परत आला. चौथीचं गणित, मोठ्या संख्या. एनसीएफ म्हणजे शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा; त्यातला कोड लिहायच्या रकान्यात मी सी-१.१ (पहिल्या उद्दिष्टाखालची पहिली क्षमता) लिहिलं होतं. शेजारी कोऑर्डिनेटर मॅडमचा शेरा: 'हा भाषेचा कोड आहे.' आराखड्याची पानं काढून भांडायला गेले, तर दोघीही बरोबर!

दुसरीपर्यंतच्या पायाभूत टप्प्यात उद्दिष्टांना सलग एक ते तेरा क्रमांक आहेत. आठवं गणिताचं, कुणी विचारलं तरी तेच. तिसरीपासून, म्हणजे पूर्वतयारी टप्प्यात, मात्र प्रत्येक विषय पुन्हा एकपासून सुरू. सहावीत परत एकपासून. इंदुरात कॉलनी तिथे गल्ली नंबर एक असतेच, पण पत्ता सांगताना आपण कॉलनीचं नाव तरी घेतो. सहाशेच्या आसपास पानं लिहिणाऱ्यांना कोडामागे विषयाचं एक अक्षर जोडणं जड गेलं?

पीडीएफ फुकट आहे, हे खरं. पण मोबाइलवर ती वाचून डोळे गेले, म्हणून भंवरकुआंला पाठपोट झेरॉक्स काढली. दोन भाग, स्पायरल बाइंडिंगसकट साडेपाचशे रुपये. शाळेने दिले नाहीत.

बरं, कोड सोडा, त्याखालचं वाक्य बघा. गणिताचं सी-१.१ म्हणतं की मुलाने भारतीय स्थानिक किमतीनुसार संख्या मांडाव्यात, पूर्ण संख्यांची तुलना करावी आणि खूप मोठ्या संख्यांची नावं माहीत असून वाचताही यावीत. म्हणजे एका ओळीत तीन कामं आणि टिक करायला एकच चौकट. माझ्या वर्गातला एक मुलगा फ्लॅटच्या जाहिरातीतलं ४२,५०,००० बघून 'बेचाळीस लाख पन्नास हजार' धडाधड वाचतो. वडील दलालीत आहेत, घरी तेच कानावर पडतं. त्यालाच ९,९९९ आणि १०,००१ यांत मोठी कुठली विचारलं तर पहिलीवर बोट. 'मॅम, सगळे नऊ आहेत ना!' आता याला टिक करू की नको?

सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या जुन्या डायरीत लिहिलंय: 'पाच अंकी संख्या वाचतो. लिहितो. लहान-मोठी ओळखतो.' प्रत्येकापुढे वेगळी रेघ. तीन रुपयांची डायरी असेल.

इथवर मी पाचपैकी दोनच देणार होते. पण दिवाळीच्या सुट्टीत भाषेचा भाग नीट वाचला आणि मत थोडं बदललं. आर-१ म्हणजे शाळेत ज्या भाषेत मूल पहिल्यांदा वाचा-लिहायला शिकतं ती, आणि ती शक्यतो मातृभाषा असावी, असं स्वच्छ सांगितलंय. हे वाक्य मला पहिल्या वाचनात कळलं, ही त्या ग्रंथात मोठीच गोष्ट. रामबागेतल्या आमच्यासारख्या घरांतली मुलं आजीशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी बोलतात आणि अक्षरं इंग्रजीत गिरवतात. त्यांची आर-१ कुठली, हे मी पालकसभेत विचारलं तेव्हा पाच मिनिटं कुणी चहाला हात लावला नाही. म्हणून एक तारा वाढवला.

प्लॅन आता 'गणित, पूर्वतयारी टप्पा, सी-१.१' असं लिहून पुन्हा दिलाय. रकाना पुरला नाही, शेवटचा एक समासात गेला.

दुसऱ्या भागाची स्पायरल तुटलीय. झेरॉक्सवाला तीस रुपये मागतोय. मी सुतळीने बांधलंय.