भारतीय फुटबॉल संघ, वर्ष 2024 : पाचपैकी दीड तारा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं जर्सी शिवायचं-छापायचं दुकान आहे. नंबर जरा तिरका बसला की गिऱ्हाईक फोटोसकट एक तारा देऊन मोकळं होतं. मग वर्षभर निळ्या जर्सीवाल्यांनी आमच्या पदरात जे टाकलं त्याचा रिव्ह्यू मी का लिहू नये? परवानगीही आहे, खुद्द तेव्हाच्या कॅप्टनची, सुनील छेत्रीची. जून 2018 ला मुंबईत आपण चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) 5-0 हरवलं, छेत्रीनं हॅटट्रिक मारली आणि बघायला माणसं आली जेमतेम अडीच हजार. तेव्हा त्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले होते : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढच्या केनियाच्या मॅचला तिकिटं संपली.

आता मैदानात यायचं तर कुठं यायचं, हा प्रश्न. 2024 मध्ये पुरुष संघाच्या घरच्या मॅच झाल्या गुवाहाटी, कोलकाता आणि हैदराबादला. महाराष्ट्रात एकही नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी आमच्या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की पाय ठेवायला जागा मिळत नाही अशा गावातल्या माणसाला देशाची टीम दुकानातल्या टीव्हीवर बघावी लागते. तेव्हा जे लिहितोय ते टीव्हीसमोर बसून, हातात कात्री आणि कापड.

आधी हिशेब मांडतो. मॅच 11. जिंकल्या शून्य. बरोबरी 5, हार 6. गोल मारले 4, खाल्ले 15. शून्याचा आकडा परत बघा, छपाईची चूक नाही. नोव्हेंबर 2023 ला कुवेतमध्ये मनवीर सिंगच्या गोलवर 1-0 जिंकलो, त्यानंतर अख्खं 2024 कोरडं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी ह्याच लोकांनी इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल कप आणि बंगळुरूचा सॅफ कप (दक्षिण आशियाई देशांचा) असे तीन कप उचलले होते. म्हणून तर जानेवारीत अपेक्षा लई होत्या.

जानेवारीतला आशियाई कप थोडक्यात उरकतो, कारण त्यांनीही तसाच उरकला. कतारमध्ये पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी, शनिवारी संध्याकाळी 5 वाजता. हाफ टाइमला 0-0. दुकानात गर्दी जमली, कुणीतरी चहा सांगितला, आणि पन्नासाव्या मिनिटाला जॅक्सन आयर्विननं मारला. शेवटी 0-2. त्या मॅचची खरी मोठी बातमी वेगळीच होती : रेफ्री जपानच्या योशिमी यामाशिता, पुरुषांच्या आशियाई कपात शिट्टी वाजवणारी पहिली बाई. उझबेकिस्ताननं हाफ टाइमच्या आतच तीन घातले. सीरियानं एकच घातला, तोही 76 व्या मिनिटाला, पण तेवढा पुरला. तीन मॅच, शून्य गोल, शून्य पॉइंट, वर आपला डिफेंडर संदेश झिंगन गुडघा धरून बाहेर. पाच वर्षांपूर्वी ह्याच स्पर्धेत थायलंडला 4-1 नं हाणलं होतं, ते आठवून गप्प बसलो. फिफाच्या यादीत 102 वरून थेट 117.

ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तानचं मी मनाला लावून घेत नाही. ती वरच्या पट्टीतली माणसं. माझा राग आहे मार्चवर.

वर्ल्ड कप पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत आपल्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान. दोन टीम पुढं जाणार. कतार जाणार हे नक्की, म्हणजे दुसऱ्या जागेसाठी भांडण कुवेतशी, आणि अफगाणिस्तानकडून दोन्ही वेळा पॉइंट वसूल करायचे, एवढं साधं गणित. अफगाणिस्तानचे कितीतरी मुख्य खेळाडू त्यांच्या फेडरेशनवर बहिष्कार टाकून घरी बसलेले. पहिली मॅच सौदीतल्या आभा गावात, आपल्याकडं रात्रीचे साडेबारा. 0-0. झोपेचं खोबरं. पाच दिवसांनी गुवाहाटी. ही छेत्रीची 150 वी मॅच, आधी सत्कार झाला, मग 38 व्या मिनिटाला त्यानंच पेनल्टी घातली. झालं, वाटलं आता सुटलो. दुसऱ्या हाफमध्ये मात्र आपली टीम मैदानात फक्त उभी होती. 70 व्या मिनिटाला रहमत अकबरी, 88 व्या मिनिटाला शरीफ मुखम्मदची पेनल्टी. 1-2. घरच्या मैदानावर, क्रमांकात आपल्यापेक्षा चाळीसएक पायऱ्या खाली असलेल्या टीमकडून. वर्षातला सगळ्यात वाईट माल हा. बदलून द्या म्हणायचीही सोय नाही.

मग 16 मे ला छेत्रीनं सांगितलं, 6 जूनची कोलकात्याची कुवेत मॅच शेवटची. आणि इथं मला जरा धंद्याचं बोलायचं आहे. त्या तीन आठवड्यांत दुकानात 11 नंबरच्या निळ्या जर्सीच्या जेवढ्या ऑर्डरी आल्या, तेवढ्या त्याआधी कधी आल्या नव्हत्या. एरवी आमच्याकडं अर्जेंटिना नाहीतर ब्राझील, आणि सीझनला आपापल्या तालमीचे रंग. भारताची जर्सी शाळेच्या गॅदरिंगला लागते तेवढीच. त्यामुळं पैसे मिळाले हे कबूल, पण मनात खटकत होतं. सगळीकडं निरोपाची चर्चा. क्रोएशियाच्या नावाजलेल्या मॉड्रिचचासुद्धा संदेश. 2005 ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिला गोल मारला होता तिथपासूनच्या क्लिपा. आणि मॅच? मॅच जिंकायलाच पाहिजे होती, तीच गोष्ट मागं पडली.

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला 58 हजारांच्या वर माणूस. हाफ टाइमनंतर रहीम अली कीपरसमोर एकटा सापडला आणि चेंडू सरळ त्याच्या अंगावर मारला. कुवेतनंही गोलवर शॉट मारले, आपला कीपर गुरप्रीतनं अडवले. 0-0. शेवटी दोन्ही बाजूंना रांगा करून खेळाडू उभे राहिले, छेत्री रडत बाहेर गेला. 151 मॅच, 94 गोल. माझ्या शेजारी उभा असलेला खंडोबा तालमीचा एक जुना खेळाडू, भावनेबिवनेच्या भानगडीत न पडणारा, एवढंच बोलला, "आता गोल कोण मारणार?"

ह्या एका प्रश्नावर अख्ख्या वर्षाचा रिव्ह्यू लिहून होतो. वर्षातले चार गोल बघा : छेत्रीची पेनल्टी, छांगटेचा कतारला, फारूख चौधरीचा व्हिएतनामला, राहुल भेकेचा मलेशियाला. ह्यात कायम नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढं, खेळणारा एकही नाही. छांगटे बाजूनं पळणारा, भेके डिफेंडर, आणि छेत्रीची तर पेनल्टी. कारण उघड आहे. आपल्या वरच्या लीगमध्ये नऊ नंबरची जागा परदेशी माणसाची. 2023-24 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट दिमित्रिओस डायमंटाकॉसचा, 13 गोल, तेवढेच रॉय कृष्णाचे. क्लबवाल्याला दर आठवड्याला जिंकायचं असतं, तो देशासाठी पोरगा घडवत बसणार नाही. त्याला नावं ठेवताना आम्ही कोल्हापूरकरांनी जरा जपून. आमच्या पेठांमध्येही सीझनला बाहेरचे, परदेशातले खेळाडू येतात, पुढं खेळतात, गोल मारतात, आणि आम्हीच फटाके लावतो. गावातला पोरगा बेंचवर. त्यांच्या जर्सीवर नंबर मीच छापतो.

आता 11 जून, दोहा. ही मॅच मात्र रिव्ह्यूत वेगळी काढायला पाहिजे, कारण वर्षात पहिल्यांदाच टीम टीमसारखी खेळली. कतार आधीच पुढं गेलेलं, त्यांनी बरीच तरुण पोरं उतरवली होती, हे मान्य. पण आपल्याकडंही छेत्री नाही, गुरप्रीत कॅप्टन. 37 व्या मिनिटाला छांगटेनं घातला. दुकानाबाहेरून जाणारा रिक्षावाला थांबून आत आला. तिकडं कुवेत-अफगाणिस्तान बराच वेळ गोलाविना चाललेली. म्हणजे त्या घडीला आपण तिसऱ्या फेरीत. आपण तिथं आजवर कधी गेलो नव्हतो.

73 वं मिनिट. कतारचा हेडर गुरप्रीतनं अडवला, चेंडू त्याच्या अंगाखालून गोललाइनच्या बाहेर गेला. पूर्ण बाहेर. कतारच्या माणसानं तो पायानं परत आत ओढला, युसुफ आयमननं जाळ्यात घातला, आणि कोरियाच्या रेफ्रीनं गोल दिला. ह्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. आपल्या पोरांनी हात वर केले, ओरडले, उपयोग शून्य. 85 व्या मिनिटाला अहमद अल-रावीनं दुसरा घातला आणि 1-2. कुवेतनंही तिकडं उशिरा एक गोल काढला आणि तेच पुढं गेले. आपल्या फेडरेशननं तक्रार केली, पण निकाल काही हलला नाही.

अन्याय झाला, डोळ्यांदेखत झाला. पण त्याच्या आड गुवाहाटी लपवू देणार नाही. कुवेतचे 7 पॉइंट, आपले 5. गुवाहाटीत 1-0 धरून ठेवलं असतं तर दोह्यात हरूनसुद्धा 8 होऊन आपण पुढं होतो. रेफ्रीनं एक गोल चोरला, मार्चमध्ये आपण तीन पॉइंट स्वतःच्या हातानं देऊन आलो होतो. दुकानात ह्यावर अजून वाद होतो, मी माझं मत बदललेलं नाही.

आठवड्याभरात कोच इगोर स्टिमॅकना काढलं. जुलैत मानोलो मार्केझ आले. माणूस चांगला, आपल्या लीगची खडा न् खडा माहिती, पण त्याच वेळी एफसी गोवाचेही कोच होते. शनिवारी गोव्याचं बघायचं आणि मधल्या सुट्टीत देशाचं. गोव्याच्या मित्रांना आनंद झाला, मला नाही. आमच्या तालमीचा कोच दुसऱ्या तालमीला रविवारी शिकवायला गेला तर पेठेत राहील का?

सप्टेंबरचा हैदराबादचा इंटरकॉन्टिनेंटल कप : मॉरिशसशी 0-0, सीरियाशी 0-3. पुढं सरकतो. मॉरिशसच्या मॅचवर ज्याला चार ओळी सुचतील त्यानं त्या स्वतः लिहाव्यात. (ज्या ॲपवर वर्षभर मॅच बघितल्या त्यांचं नाव घेत नाही, पण कॉर्नर घेताना चित्र थांबवून नंतर थेट गोलकिक दाखवायची त्यांची कला वाखाणण्यासारखी आहे.)

ऑक्टोबरमध्ये नाम दिन्हला व्हिएतनाम. इथं पहिल्यांदा वाटलं की काहीतरी शिजतंय. पहिल्या हाफमध्ये गुरप्रीतनं पेनल्टी अडवली, तरी नंतर बुई वी हाओनं घातलाच. मग 53 व्या मिनिटाला फारूख चौधरी. पोरगा आपल्या अंबरनाथचा. टीममध्ये कितीतरी दिवसांनी परत आलेला, पुढं धावला आणि बाहेर आलेल्या कीपरला फसवून घातला. 1-1. नंतर आपल्याला जिंकायच्याही संधी मिळाल्या.

नोव्हेंबरात हैदराबादला मलेशिया. 19 व्या मिनिटाला गुरप्रीत गोल सोडून पुढं आला आणि पाउलो जोसुएनं रिकाम्या जाळ्यात ढकलला. ज्यानं वर्षभर तारलं त्याचीच चूक, म्हणून त्याच्यावर रागावताही येईना. 39 व्या मिनिटाला मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि मुंबईच्या राहुल भेकेचं डोकं. भेके चेंडूवर चढतो कसा हे पोरांनी बघून ठेवावं. 2022 ला रियाधमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, तेव्हाही शेवटचा हेडर ह्याचाच. झिंगनही ह्या मलेशियाच्या मॅचला परत आला. पण मॅच 1-1 आणि वर्ष संपलं. वर्षातले शेवटचे दोन गोल अंबरनाथ आणि मुंबईच्या माणसांनी मारले, ह्याची आपल्याकडच्या पेपरांत चौकटसुद्धा मी तरी बघितली नाही.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो, कारण रिव्ह्यू वाचून लोक विचारतात. मार्च 2025 ला शिलाँगमध्ये मालदीवला 3-0 हरवलं, पहिला गोल परत भेकेचा. आणि तिसरा सुनील छेत्रीचा, 95 वा. होय, निवृत्तीवरून माघारी बोलावला, चाळिशी उलटलेला. लीगमध्ये त्या मोसमात भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच, 14, मग मार्केझ दुसऱ्या कुणाला बोलावणार? मी छेत्रीवर खूश, बोलावणाऱ्यांवर नाही. 2024 च्या जूनमध्ये 'शेवटची' म्हणून 11 नंबर नेलेली गिऱ्हाइकं आता मला चिडवतात.

तारे असे : एक अख्खा दोह्याच्या पहिल्या 72 मिनिटांना. अर्धा नाम दिन्हच्या दुसऱ्या हाफला. बाकीचे कापले ते गुवाहाटीसाठी, आणि मॉरिशसच्या मॅचपायी तर उलट मलाच त्यांच्याकडून एक तारा येणं आहे. जुन्या मॅच शोधून बघणार असाल तर कतारची पूर्ण बघा, मलेशियाची हाफ टाइमपर्यंत, कुवेतची फक्त शेवटची दहा मिनिटं. निळ्या जर्सी दुकानात शिल्लक आहेत, 11 सोडून कुठलाही नंबर लगेच छापून मिळेल. नऊ नंबर अजून कुणी मागितलेला नाही.